दोऱ्याचं दुसरं टोक

दुपारी अन्वी झोपली की मी एकदा तिचे पाय चाचपून बघते. कूलरची हवा थेट लागते की काय, एवढंच बघायचं असतं. त्या दिवशी बोटांना दोरा लागला.

लाल, सुती, दुपदरी दोरा. उजव्या घोट्याला सैलसर बांधलेला. नजर लागू नये म्हणून बांधतात तो असता तर काळा असता आणि गाठीपाशी कापला असता. हा कापलेला नव्हता. त्याचं लांबलचक शेपूट पाळण्याबाहेर जमिनीवर लोळत होतं, आणि टोकाला पुन्हा एक फासा होता. कोणाच्या तरी बोटात घालण्याजोगा.

घरात आम्ही दोघीच. मी आणि सासूबाई. माझा नवरा भूपेश कळमन्याच्या बाजारात अडत्याच्या दुकानात असतो, उजाडायच्या आत जातो आणि दुपार उलटल्यावर येतो.

"आई, हा दोरा कशाचा?"

त्या ओट्याशी कांदे चिरत होत्या. वळल्या नाहीत.

"राहू दे. पडून जाईन आपोआप."

"पण कशासाठी बांधला?"

"अवं, दोराच तं आहे, साप नोहे. किती विचारतं वं तू, प्रणाली!"

मी तो सोडला. अन्वीच्या घोट्यावर खूण नव्हती, तरी मी तिथे बराच वेळ फुंकर घालत बसले. ती झोपेत हसली. दोरा मी टाकला नाही, माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. कधी भूपेशला दाखवायची वेळ आली तर हाताशी असावा म्हणून.

आमच्या घरात दोरा असणं नवं नाही. तांडापेठेतलं हे घर विणकरांचं. सासरे होते तोवर बाहेरच्या खोलीत माग चालायचा. आता त्या खोलीत भूपेशची गाडी उभी असते. सासूबाईंचा, मागासाठी सुताच्या कांड्या भरायचा चरखा मात्र कोपऱ्यात अजून आहे आणि त्याच्याखालच्या टोपलीत रंगीत सुताच्या लडी आहेत. त्यामुळे दोरा कुठून आला हे मला कळलं होतं. कशाला आला, ते कळत नव्हतं.

आणि मला सगळंच संशयाचं वाटावं, असे ते दिवस होते.

होळीच्या सुमाराला मी अन्वीला टबात आंघोळ घालत होते. अचानक डाव्या डोळ्यापुढे काहीतरी चमकायला लागलं. मला ते नवं नव्हतं. लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. आधी ती चमक येते, तिच्यामागे अर्धी नजर जाते, आणि नजर परत आली की डोकं फुटायला लागतं. पण या वेळी नजर फार पटकन गेली. माझा हात अन्वीच्या मानेखाली आहे असं मला वाटत होतं. तो नव्हता. आई धावत आल्या आणि त्यांनी तिला पाण्यातून उचललं. ती ठसकली, रडली, आणि लगेच माझ्याकडे हात करून आली. तिला काही झालं नाही.

मला झालं. त्या दिवसापासून आईंनी अन्वीची आंघोळ माझ्याकडून काढून घेतली. मग मालिश. मग एके दिवशी त्या फोनवर बोलताना मी ऐकलं, "हो, घेऊन जाय तू पोट्टीले. प्रणालीले बरं वाटेपर्यंत राहू दे तुह्याजवळ."

फोन काजलला होता. काजल माझी नणंद, सावनेरला असते. तिचा नवरा कोळसा खाणीत आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. अन्वी तिच्या मांडीवर गेली की तिचा चेहरा असा होतो की मला लगेच हात पुढे करून अन्वीला परत घ्यावंसं वाटतं.

भूपेशला विचारलं. तो म्हणाला, "अवं, थोड्या दिवसांचं आहे. सावनेर काही विलायत नाही. येत्या रविवारी काजल गाडी घेऊन येऊन राहिली."

"अन्वी माझ्या अंगावर पिते अजून."

"सुटनच ना कधीतरी."

"आणि मी बरी कधी होणार? हे असं बरं होत नसतं रे."

त्याने गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "तू त्या मेंदूच्या फोटोसाठी जाऊन राहिली ना? त्याचा रिपोर्ट येऊ दे. त्यात काय ते दिसन."

तो फोटो म्हणजे एक अभ्यास होता. रामदासपेठेतल्या एका संस्थेत डॉक्टर अश्लेषा म्हणून एक बाई अर्धशिशीवर काम करत होत्या. बायकांना हे दुखणं पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतं आणि तरी बायकांच्या मेंदूत नेमकं काय होतं ते कोणी नीट बघितलेलं नाही, असं त्या म्हणत. मोठ्या यंत्रात झोपवून, डोळ्यांपुढे उजेडाची चित्रं दाखवून, मेंदूचा कुठला भाग कसा जागा होतो ते बघायचं. इंजेक्शन नाही, औषध नाही. बाळ पितं म्हणून मला तेच बरं वाटलं.

पण भूपेशचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. काय ते दिसन. समजा, काही दिसलं. मग पोरगी माझ्याजवळ ठेवायची कशी, म्हणून ती सावनेरला. समजा, काहीच दिसलं नाही. मग ही इतकी वर्षं अंधार करून पडते ते नाटक, आणि नाटक करणाऱ्या बाईच्या हातून लेकरू पाण्यात कसं गेलं? मग तर नक्कीच सावनेरला.

पहिल्या भेटीला आई माझ्याबरोबर आल्या, अन्वीला धरायला म्हणून. मी डॉक्टरांना सांगत होते की दुखायच्या आधी डोळ्यापुढे काहीतरी येतं, वाकडंतिकडं, चमकणारं, पण कसं ते मला सांगता येत नाही.

मागच्या खुर्चीतून आवाज आला, "जरीची किनार हालते, तशी?"

मी वळून बघितलं. आई अन्वीच्या टोपड्याची नाडी बांधत होत्या, जणू त्या बोलल्याच नव्हत्या.

"हो," मी म्हणाले. "अगदी तशीच."

डॉक्टर खूश झाल्या. हे मी घरात कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. भूपेशलाही नाही. मग यांना कसं ठाऊक? झोपेत बडबडते की काय मी? की माझा फोन बघतात?

तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "आम्हाला डोकं न दुखणाऱ्या बायकाही हव्या आहेत, तुलना करायला. एकाच घरातली, तेच खाणारी, त्याच उन्हात राहणारी बाई मिळाली तर फार बरं. काकू, तुमचं डोकं असं कधी दुखतं का?"

"नाही बाप्पा. माह्या डोक्याले काय धाड भरली?"

"मग याल?"

आई अजून पन्नाशीला टेकल्या नव्हत्या, म्हणजे अभ्यासात बसत होत्या. मला वाटलं, नाहीच म्हणतील. साधा रक्तदाब मोजायचा म्हटलं तरी त्या दंड आखडून घेतात. पण त्या लगेच म्हणाल्या, "येते ना. फुकटात फोटो निघते तं काहून नाही?"

रिक्षात मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. ही बाई माझ्यावर पाळत ठेवायला आत शिरते आहे, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहाटे अन्वी दुधासाठी उठते. मी तिला घेऊन खिडकीशी बसले होते आणि फाटकाची कडी वाजली. आई बाहेर चालल्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी दारातच उभी राहिले.

"आई, एवढ्या पहाटे कुठे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. एक शब्द न बोलता, मी खांब असल्यासारख्या बाजूने निघून गेल्या. उजाडल्यावर परत आल्या तेव्हा मात्र नेहमीसारख्या, "उठली का वं पोट्टी? चहा टाकला का?"

तोंड मिटून पहाटे बाहेर जाणारी बाई. बाळाच्या पायाला लाल दोरा. रविवारी येणारी नणंद. मी शिकलेली आहे, करणीबिरणी मानत नाही. पण त्या रात्री मी अन्वीला पाळण्यात नाही, कुशीत घेऊन झोपले आणि दाराची कडी आतून लावली.

तपासणी शुक्रवारी होती.

आधी माझी पाळी. रोशन म्हणून यंत्र चालवणारा मुलगा होता, त्याने मंगळसूत्र, जोडवी, केसातली पिन सगळं काढायला लावलं, कानात बोळे दिले आणि हातात एक रबरी फुगा. "काही वाटलं तर दाबा ताई, लगेच बाहेर काढतो." आत ठकठक, घरघर, आणि डोळ्यांपुढे काळ्यापांढऱ्या चौकटी, लुकलुकणाऱ्या. मला त्या सोसत नव्हत्या, पण मी फुगा दाबला नाही. बाहेर काचेपलीकडे आई होत्या आणि त्यांच्या मांडीवर माझी अन्वी. मला काही होतं आहे हे त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "मेंदू एकदम छान आहे. गाठ नाही, सूज नाही."

"मग डोकं दुखतं ते?"

"ते दुखतंच. पण एकट्या बाईच्या चित्रात अर्धशिशी दिसत नाही, प्रणाली. खूप बायकांची चित्रं एकीकडे आणि न दुखणाऱ्या बायकांची दुसरीकडे ठेवली, की कुठे फरक दिसतो का ते आम्ही शोधतोय."

यातलं पहिलं वाक्य आईंनी ऐकलं होतं. बाकीचं ऐकलं की नाही, माहीत नाही. मेंदू एकदम छान. आता हे घरी जाऊन कसं सांगितलं जाईल ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

आईंनी अन्वीला माझ्याकडे दिलं आणि आत गेल्या. रोशनने त्यांच्या लुगड्याच्या सेफ्टी पिना काढायला लावल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "लुगडं सुटलं तं तूच जबाबदार हो बाबू." तो लाजला. सगळे हसले. यंत्र सुरू झालं.

चौकटी लुकलुकायला लागून फार वेळ झाला नसेल, घंटा वाजली. त्यांनी फुगा दाबला होता.

बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. उजेडाकडून तोंड फिरवून त्यांनी अंगठा भुवईच्या आतल्या कोपऱ्यात रुतवला. खालून वर, जोरात. मग हात लांब करून त्यांनी चाचपलं, काय ते मला कळायच्या आत रोशनने भांडं पुढे केलं आणि त्या ओकल्या.

"काकू, तुम्हाला खरंच डोकेदुखी नाही ना?" डॉक्टर घाबरल्या होत्या.

"नाही. उपाशी होती मी. ऊन लागलं."

सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या त्यांनी. माझ्यासमोर. आणि ती अंगठ्याची जागा मी ओळखत होते. माझाही अंगठा तिथेच जातो. दुसऱ्या कुठल्याच दुखण्यात माणूस तिथे दाबत नाही.

रिक्षात त्या पदर तोंडावर घेऊन बसल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "पोट्टीले सांभाळ. मी पडते जराशी."

मी खिडकीला चादर लावली. ट्यूब घालवली. कूलर बंद केला, कारण त्याची खडखड आत हातोड्यासारखी बसते. ओली घडी कपाळावर ठेवली. वासाने मळमळ वाढते म्हणून भाजीचं पातेलं झाकलं.

बऱ्याच वेळाने अंधारातून आवाज आला. "कूलर बंद करा लागते, हे तुले कोणं सांगतलं?"

"मलाही लागतं ना."

त्यांनी घडी उलटवली. मग, "कोणता डोळा तुह्या?"

"डावा."

"माह्या उजवा."

मी अन्वीला मांडीवर घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसले. मनात अजून होतंच, की ही बाई माझ्याकडून काही काढून घेते आहे. म्हणून मी सरळच विचारलं. "पहाटे कुठे जाता?"

"चौकातल्या हॉटेलात. जिलेबी आणाले." त्यांनी हात डोळ्यांवर आडवा घेतला. "दिवस निघायच्या आत गरम जिलेबी दुधात बुडवून खायची. तिथंच, उगवतीकडं तोंड करून. पण कोणासंग बोलायचं नाही आणि कोणाले सांगायचं नाही, का आपल्याले अर्धशिशी आहे. सांगतलं का गुण गेला. माह्या मायनं सांगतलं होतं, लग्नात."

"म्हणजे तुम्ही कोणालाच...?"

"तुह्या सासऱ्यालेबी नाही. त्यांले वाटे, बाई रागीट आहे, महिन्यातून दोनदा फुगून बसते." त्या अंधारात हसल्या असाव्यात. "फोटोत तं बोलावं लागत नाही ना. म्हटलं, न सांगता पाहून घेऊ, आत काय बसलं आहे इतके वर्षं."

"आणि दोरा?"

"त्या दिवशी माह्या डोळ्याले जरी आली होती. तू झोपली होती. पोट्टी रांगत होती घरभर." त्यांनी हात वर केला आणि बोट वाकवून दाखवलं, फासा घातल्यासारखं. "भूपेश, काजल, दोघांले मी असंच वाढवलं. कांड्या भरता भरता अर्धं घर नाहीसं होये. दोरा ओढला गेला का समजे, पोट्टं कोणीकडं चाललं. ढिला पडला का समजे, जवळ आलं. निजली तवा सोडाचा राहून गेला."

अन्वी माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मी तिचा घोटा मुठीत धरला.

"मग तिला सावनेरला का पाठवता?"

त्या भिंतीकडे वळल्या.

"एक डाव दोरा तुटला होता. भूपेश पार रस्त्यावर गेला. शेजारच्या देवाजीनं उचलून आणला, काही झालं नाही त्याले. पण तुह्या हातून पोट्टी पाण्यात गेली ना, मले वाटलं, तुटला पुन्हा." मग हळूच, "आणि काजलचंबी मन होतं. काजलबी माह्यंच लेकरू आहे. खोटं काहून बोलू?"

म्हणजे माझा संशय सगळाच खोटा नव्हता. मला राग यायला हवा होता. आला, पण पुरता आला नाही.

"आई, डॉक्टरांना खरं सांगावं लागेल तुम्हाला."

"काहून? फोटो तं झाला नाही पुरा."

"जेवढा झाला तेवढा न दुखणाऱ्या बायकांत ठेवतील. माझं चित्र तुमच्या चित्राशेजारी ठेवून बघतील. दोघी सारख्याच दिसू. मग म्हणतील, या बायकांत आणि त्या बायकांत काही फरक नाही."

त्या कोपरावर उठल्या. "म्हणजे माह्यानं तू खोटी पडशीन?"

"मी एकटी नाही. सगळ्याच."

त्या पुन्हा आडव्या झाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन मागून घेतला आणि मोठ्या आवाजात, लांबच्या गावाला बोलतात तसं, म्हणाल्या, "डॉक्टरबाई, मी पुष्पलता. मले निरोगी बायकांतून काढून टाका." पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही. "हो, हो, लग्नाच्या पहिलेपासून. नाही, खोटं नव्हती बोलली, सांगायचं नव्हतं फक्त."

त्या सकाळीही त्या जिलेबी आणायला गेल्या होत्या. पण डबा घरी आणला आणि दोन वाट्या काढल्या.

"आता बोलूनच राहिलो, तं दोघीनं खाऊ."

"गुण येईल का?"

"नाही आला तं गोड तं लागते ना!"

भूपेशला त्यांनी सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. सावनेरबद्दलही त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी तेही विचारलं नाही. अन्वीचे कपडे भरलेली पिशवी शनिवारभर दाराशी तशीच होती.

रविवारी काजल आली. नवा फ्रॉक, खुळखुळा, गाडीत बाळासाठी मागे मऊ गादी अंथरलेली. अन्वीला घेताना तिचा आवाज कापरा झाला, "चल वं माह्या बाई, आत्याकडं." आणि त्याच क्षणी, दारातून येणाऱ्या उन्हात, माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला जरी हलायला लागली.

मी कोणालाही कळू न देता भिंतीला हात टेकला. आत्ताच का. आता यांना आणखी काय पुरावा हवा. काजलचा अर्धा चेहरा गेला होता, तिच्या हातातली अन्वी मला दिसत नव्हती, फक्त खुळखुळा ऐकू येत होता.

आईंना दिसलं. माझा अंगठा भुवईकडे गेला असावा.

"काजल, पोट्टीले खाली ठेव."

"काहून? आता तं निघून राहिलो आपण."

"खाली ठेव म्हणते ना. आणि दार लोटून घे, ऊन येते."

चरख्याखालच्या टोपलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग माझ्या खांद्यावर हात, मला खाली बसवणारा. "बस वं. उभी राहू नको, भिंतीले टेक. पोट्टीमागं जायचं नाही, उठायचं नाही. ती येईन तुह्याकडं."

"आई, हे काय करून राहिली तू?" काजल रडवेली झाली होती. "तूच तं म्हटलं होतं..."

"म्हटलं होतं. तू राहाय आठ दिवस इथंच. माय बी इथं, आत्या बी इथं. पोट्टी आपल्या मायजवळ राहीन."

काजलने हातातली पिशवी फरशीवर टेकवल्याचा आवाज आला, रागाने की थकून, ते डोळे मिटून कळत नव्हतं.

माझ्या बोटात फासा आला. दोरा ताणला गेला, मग सैल पडला. पुन्हा ताणला. लुटूलुटू रांगणारे गुडघे आधी दाराकडे गेले, मग थांबले. मी श्वास धरून बसले होते. डोक्यात पहिला ठोका पडला. दोरा सैल होत होत पार माझ्या मांडीवर गोळा झाला आणि तिचा ओला हात माझ्या हनुवटीला लागला.

तिला कुशीत घेतलं. तरीही, तशा अंधारातही, मी दुसऱ्या हाताने दोरा धरून तिच्या घोट्यापर्यंत गेले आणि गाठ चाचपून बघितली. मग उलट, माझ्या बोटापर्यंत आले. मध्ये कोणी दुसऱ्याने तो धरलेला नाही ना, एवढंच बघायचं होतं.